हौसेचे जॅकेट, हजेरीचे जॅकेट

जयंतीच्या मिरवणुकीची बैठक होती. रात्री नऊला आम्ही सगळे विहारात जमलो. आमच्यातला एक पोरगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला, वाचन चांगले, बोलणे त्याहून चांगले, त्या दिवशी जरा नटून आला होता. काळा टी-शर्ट, सहा खिशांची कार्गो पँट, जाड तळाचे बूट आणि वरून नारिंगी जॅकेट. गाडीचा उजेड पडला की चमकतात तसे रुपेरी पट्टे असलेले. कुणीतरी विचारले, हे काय? त्याने मोबाइल काढून दाखवले. सध्या याला वर्कवेअर म्हणतात. कामगाराचा पोशाख रोजच्या कपड्यांत मिसळून कसा घालायचा याचे व्हिडिओच्या व्हिडिओ आहेत: बॉयलर सूटच्या बाह्या कमरेला बांधा, सुताराच्या पँटची मोहरी दुमडा, मजुराचे जॅकेट पांढऱ्या टी-शर्टवर उघडे सोडा.

तेवढ्यात मावशी आल्या. मावशी पालिकेच्या झाडूकामात एकोणीस वर्षे आहेत. दारात चपला काढता काढता त्यांची नजर त्याच्यावर गेली आणि त्या म्हणाल्या, "आधी हे उतरव."

पोरगा म्हणाला, "मावशी, हा आपल्याच माणसांचा ड्रेस आहे. मी अभिमानाने घातलाय."

मावशी म्हणाल्या, "मी हे घालून टपरीवर उभी राहिले की मला कागदाचा कप देतात आणि बाकीच्यांना काचेचा ग्लास. तू हे घालून गेलास तर तुला काचेचाच देतील. मग अभिमान कसला रे?"

मिरवणुकीचा विषय तिथेच राहिला. बैठक दोन तुकड्यांत फुटली. निम्मे म्हणाले मावशींचे बरोबर, निम्मे म्हणाले लाज बाळगायची असेल तर मग बाबासाहेब कशाला वाचले? नंतर तीन आठवडे आम्ही यावर भांडलो. एकमत झाले नाही, अजूनही नाही. बहुमत झाले ते इथे मांडतो आहोत.

पहिली गोष्ट, या फॅशनची मुळे परकी आहेत असे समजून तिला झटकून टाकू नका. डंगरी हा शब्द घ्या. पुढे पट्टा, खांद्यावर बक्कल असलेला तो पोशाख आज मोठमोठ्या दुकानांत टांगलेला दिसतो. कोशकार सांगतात की या शब्दाचे मूळ आपल्या मुंबईच्या डोंगरीत आहे. तिथल्या किल्ल्याजवळच्या बाजारात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड म्हणजे डोंगरी. गरिबाचे कापड, शिडाचे कापड, खलाशाचे कापड. ते इंग्रजांच्या जहाजांतून जगभर गेले आणि नाव बदलून परत आले. जीन्सचेही तेच. २० मे १८७३ रोजी अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाचा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस नावाचा कापड व्यापारी यांना पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट मिळाले. कशासाठी? मजुराचा खिसा ओझ्याने फाटतो म्हणून. आज ज्या मुलाच्या खिशात मोबाइलशिवाय काही नसते त्याच्याही खिशाला ते रिव्हेट आहे. याबद्दल आमची तक्रार नाही. कपडे फिरतात. जीन्स आज कलेक्टरही घालतो आणि हमालही. तिच्यावरून कुणाची जात किंवा कुणाचे काम ओळखता येत नाही. आमच्या दृष्टीने ती सुटलेली आहे.

तक्रार पुढे सुरू होते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या दुकानसाखळीने एक जीन्स विकायला काढली होती. मांड्यांवर वाळलेला चिखल थापल्यासारखा दिसत होता. चिखल खोटा, किंमत ४२५ डॉलर. राबल्यासारखे दिसायचे, राबायचे नाही! त्याहून भयंकर प्रकार तुर्कस्तानात घडला. नवी कोरी जीन्स झिजलेली दिसावी म्हणून तिच्यावर यंत्राने वाळूचा मारा करतात. ती वाळूची धूळ कामगारांच्या छातीत गेली, तरुण पोरांना सिलिकोसिस झाला, माणसे मेली. शेवटी २००९ मध्ये तुर्कस्तानने त्या पद्धतीवर बंदी घातली. म्हणजे कष्टाचा देखावा अंगावर मिरवता यावा यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसांचे कष्ट संपवले गेले. विटलेली, फाटकी, घासलेली जीन्स घेताना हे आठवा, एवढेच.

पण आपला प्रश्न तुर्कस्तानच्या आणि अमेरिकेच्याही पुढचा आहे, कारण आपल्याकडे कपडा हा जातीचा दाखला होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावे ते लिहून ठेवले आहे: प्रेतावरची वस्त्रे. दागिने कुठले, तर लोखंडाचे. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि काय बोलले ते पाहा. लुगडे नेसण्याची पद्धत बदला. ज्या दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते ते टाकून द्या. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते तिथल्या तिथे ऐकले आणि लुगडी वेगळी नेसून घरी गेल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर महाडला जाताना आणि महाडहून येताना त्यांचे स्टायलिंग वेगळे होते. ते कुठल्या व्हिडिओत नाही म्हणून विसरू नका.

समोरच्यांनाही कपड्याची ताकद माहीत होती. १९२८ मध्ये इंदूरच्या आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला हुकूम सोडले: जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी हे प्रकरण नोंदवले आहे. जुने झाले म्हणता? २०१८ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात एका दलित मुलाला मोजडी घातली म्हणून मारहाण झाली. तेरा वर्षांचा होता. या देशात दलिताने चांगले घातले की मार बसतो आणि सवर्णाने फाटके घातले की कौतुक होते.

त्या कौतुकाचा सर्वांत प्रसिद्ध मानकरी सगळ्यांना ठाऊक आहे. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा घेतला. गरीब शेतकऱ्याचा पोशाख. त्यांच्या हेतूबद्दल आम्ही इथे वाद घालत नाही. आमचे म्हणणे इतकेच की लंडनला बॅरिस्टर झालेल्या माणसाचा सूट तो काढतो तेव्हा त्याग म्हणून दिसतो. ज्याच्याकडे पंचाशिवाय काही नव्हतेच त्याच्या पंचाला कुणी त्याग म्हटले नाही. म्हणून बाबासाहेबांनी सूट घातला. म्हणून तो निळा कोट आजही प्रत्येक चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर आहे. आणि म्हणूनच आम्हाला त्या पुरोगामी मित्रांचा राग येतो जे आमच्या इस्त्रीच्या शर्टाला हसतात. "तुम्ही लोक फार फॉर्मल असता रे," असे आमच्यातल्या एकाला चक्क एका शिबिरात ऐकवले गेले. बोलणाऱ्याच्या अंगात हातमागाचा चुरगळलेला कुडता आणि पायात टायरची चप्पल. तशी चप्पल आमच्या आजोबांनी हौस म्हणून कधीच घातली नाही. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत उधारीवर का होईना पण नवा पांढरा शर्ट येतो. त्याची इस्त्री मोडा असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आता आमच्यातल्या दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी काय केले ते बघा. १९६०च्या दशकात स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटीची शिकली-सवरली मुले मिसिसिपीत गेली आणि त्यांनी कॉलेजचे कपडे ठेवून शेतमजुरांचे डेनिम ओव्हरऑल चढवले. मग आपण का नको? ज्या पॅंथरांवरून १९७२ मध्ये इथे दलित पॅंथर उभी राहिली, त्या चळवळीचाच हा वारसा नाही का?

मुद्दा खरा आहे, पण अर्धा. ती मुले ते ओव्हरऑल घालून मजुरांच्या घरी राहिली, त्यांच्यासोबत मतदार नोंदणीला गेली, त्याच कपड्यांत मार खाल्ला आणि तुरुंगात गेली. उरलेला अर्धा भाग मेम्फिसला आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथे कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले आणि सुमारे १३०० कामगार संपावर गेले. याच संपासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांचा खून झाला. त्या मोर्चांचे फोटो शोधून बघा. 'मी माणूस आहे' असे इंग्रजीत लिहिलेल्या पाट्या घेतलेले सफाई कामगार ओळीने उभे आहेत. त्यांच्या अंगात काय आहे? अनेकांच्या अंगात कोट आहे, डोक्यावर हॅट आहे. विद्यार्थी मजुराच्या कपड्यात, आणि सफाई कामगार मात्र आपल्या ठेवणीतल्या कपड्यात. दोघेही बरोबर होते. ज्याच्यावर जो कपडा लादलेला होता तो त्याने मोर्चात नेला नाही.

गणवेश म्हटला की तो अपमानाचाच, असेही आम्ही मानत नाही. महार पलटणीची खाकी आपल्या लोकांनी भांडून मिळवली. बंद केलेली भरती उघडावी म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या, तेव्हा कुठे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्या खाकीवर हुद्दा चढत होता. झाडूच्या गणवेशावर काय चढते? इथे तर गणवेशच वारशाने येतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीने हजारो घरे तगली, त्याविरुद्ध एक शब्दही आम्ही बोलणार नाही. पण बापाचे जॅकेट पोराच्या अंगावर चढावे ही ज्या समाजाला सवलत वाटावी लागते, त्याची हालत काय असेल याचा विचार करा. झाडूच्या कामावर आजही बहुतेक कोण आहेत? बौद्ध, मातंग, वाल्मिकी, मेघवाळ. हे जॅकेट जीन्ससारखे सुटलेले नाही. त्यावरून अजून जात वाचता येते.

म्हणून आमचे बहुमत असे: कार्गो घाला, डंगरी घाला, डेनिमचे जॅकेट कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर घाला, छान दिसते. एक जाडाभरडा कपडा आणि एक नीटनेटका अशी जोडी ठेवा, दोन्ही जाडेभरडे घातले की माणूस गोदामातून सुटल्यासारखा दिसतो (हे मत आमच्यातल्या एकाचे, तो शिंप्याचा मुलगा आहे). ब्रँडच्या नावासाठी कर्ज काढू नका. उल्हासनगरची शिवण कुठल्याही ब्रँडला हार जात नाही. पण नारिंगी जॅकेट आणि झाडूवाल्याची खाकी, जोवर एका जातीला ती पोटासाठी घालावी लागते, तोवर आपण हौसेने घालायची नाही. इतरांनीही घालू नये असे आम्हाला वाटते, पण आधी आपण.

आणि वर्कवेअरचा एवढा जिव्हाळा असेल तर तो जिथे हवा तिथे दाखवा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याखालच्या नियमांत गटाराच्या कामासाठी लागणाऱ्या संरक्षक साधनांची लांबलचक यादी आहे: हातमोजे, गमबूट, मुखवटा, हेल्मेट, सुरक्षापट्टा, प्राणवायूची साधने. कागदावर याच्याइतका भारी पोशाख कुठल्याच फॅशनवाल्याने काढलेला नाही. प्रत्यक्षात माणसे चड्डी-बनियनवर गटारात उतरतात आणि मरतात. मेलेल्याच्या कुटुंबाला किमान ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगावे लागले.

त्या रात्री बैठक संपल्यावर पोराने जॅकेट काढून घडी घातली. मावशींनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "मला दे. माझ्यावरचे पट्टे कधीच गेले. पहाटे रस्त्यावर गाडीवाल्यांना मी दिसतच नाही." फॅशनच्या जॅकेटचे पट्टे चमकत होते आणि कामाच्या जॅकेटचे विझले होते. दुसऱ्या दिवशी त्या ते घालून चौकीवर गेल्या, तर मुकादमाने हजेरी घेताना विचारले, याच्यावर खात्याचे नाव कुठे आहे? उतरवायला लावले.

पोराने मग माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. गेल्या तीन वर्षांत किती जॅकेट वाटली, किती गमबूट घेतले, बायकांच्या मापाचे किती होते, कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना मिळाले. मापाचा प्रश्न मावशींचा. त्यांना पुरुषी आठ नंबरचे गमबूट मिळाले आहेत आणि त्या पुढे चिंध्या कोंबून चालतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दाखल केला आहे. उत्तराची तीस दिवसांची मुदत पुढच्या सोमवारी संपते. मंगळवारी पहाटे साडेपाचला, हजेरीच्या वेळी, आम्ही चौकीसमोर जमणार आहोत. यायचे त्यांनी यावे. काय घालून यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.