पैसा आहे, पण मागायचा कोणाकडे?

मार्चमध्ये मामाचा फोन आला. ‘‘काऊन वं, तू पेपरात हायेस ना आता? मंग पाह्य ना, आपल्या तलावातला गाळ काढाले कोन पैसे देते ते.’’ मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. कुठली कंपनी, कुठली योजना, कुठला फॉर्म, एक यादी करून व्हॉट्सअॅपवर टाकून द्यायची. आज तीन महिने झाले. यादी तयार आहे, गाळ तलावातच आहे. मधल्या काळात मला जे कळलं ते इथे लिहितेय, कारण आपल्या जिल्ह्यात असा तलाव आणि असा मामा प्रत्येकाचा असतो.

माझं आजोळ घाटंजी तालुक्यात. गावाला लागून एक लहानसा पाझर तलाव आहे. मामा त्यात पोहायला शिकला. आता जानेवारी संपला की त्यात म्हशीसुद्धा नीट बुडत नाहीत. खालच्या विहिरी फेब्रुवारीत तळाला जातात आणि मग आजी पहाटे चारला उठून नंबर लावते. यवतमाळमध्ये पाऊस पडत नाही असं नाही. वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास सरासरी आहे आपली. तरी २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि अख्खं यवतमाळ शहर टँकरच्या रांगेत उभं राहिलं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात बघितलंय. पाणी पडतं, पण थांबत नाही. आणि थांबवायला जे लागतं त्याचे पैसे कोणाच्या तरी खात्यात पडून असतात.

पहिला शोध लागला तो सरकारी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ ची. २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. नव्या शासन निर्णयात यंत्रसामग्री आणि इंधनासाठी काम करणाऱ्या संस्थेला घनमीटरमागे ३१ रुपये, आणि गाळ शेतात नेऊन पसरवणाऱ्या अल्पभूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्याला एकरी १५ हजार, अडीच एकरांपर्यंत म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अशी तरतूद आहे. ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ हे शब्द अनुदानाच्या पात्रतेच्या यादीत वाचून मी थोडी थांबले. आपल्या जिल्ह्यात ती पात्रता शोधायला लांब जावं लागत नाही.

आमच्या तलावातून पाच हजार घनमीटर गाळ काढायचा म्हटलं तर ३१ च्या दराने दीड लाखाच्या वर रक्कम होते. मोठी वाटत नाही ना? पण गावात लोकवर्गणी निघते ती पन्नास-शंभराने. त्यामुळे हे दीड लाख म्हणजे काम होणं आणि न होणं यातला फरक आहे. अडचण अशी की हा पैसा आधी हातात येत नाही. काम करणारी संस्था लागते, मोजमाप लागतं, मग बिल. गावातल्या तरुण मंडळाकडे डिझेलचे पहिले दहा हजार कुठून येणार, याचं उत्तर शासन निर्णयात नसतं.

मग ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जो निधी गावांना दिला, त्यातला ६० टक्के ‘बंधित’ होता. म्हणजे निम्मा स्वच्छतेवर आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण, पाण्याचा पुनर्वापर यावरच खर्चायचा. ऐकायला भारी. प्रत्यक्षात लहान गावाच्या वाट्याला लोकसंख्येप्रमाणे येणारी रक्कम मोटर जळाली, पाइप फुटला यातच संपते. मामाच्या गावातही हेच झालं आणि त्यात सरपंचाची चूक आहे असं मला वाटत नाही. नळाला पाणी आलं नाही तर लोक त्याच्या दारात येतात, तलावात गाळ आहे म्हणून कोणी येत नाही.

शेजारच्या गावाला मात्र आणखी एक खिसा आहे. घाटंजी, केळापूर, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या भागातली बरीच गावं पेसात येतात. राज्य सरकार २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट या गावांना देतं. त्यातून वनीकरण, जलसंधारण, वनतळी अशी कामं करता येतात आणि ठरवायचं ग्रामसभेने. आमचं गाव त्या यादीत नाही. शिवारं एकमेकांना लागून, नाला तोच, पण योजना वेगळी. नाला यादी बघून वाहत नाही, पण पैसा यादी बघूनच येतो.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते. जिल्हा खनिज प्रतिष्ठान. माझ्या वर्गातल्या वीस जणांना विचारलं, दोघांनी नाव ऐकलेलं. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणी असलेल्या जिल्ह्यांत असं प्रतिष्ठान स्थापन करणं सक्तीचं झालं. मोठ्या खनिजांच्या खाणवाल्यांनी रॉयल्टीच्या वर आणखी वाटा द्यायचा: जुन्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के, नव्यांसाठी १० टक्के. आपल्याकडे वणीच्या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंट कारखाना आहे. म्हणजे जमिनीखालून जे निघतं त्याचा हिस्सा जमिनीवर राहणाऱ्यांसाठी कायद्यानेच बाजूला काढलेला आहे.

गंमत पुढे आहे. या निधीच्या २०१५ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत किमान ६० टक्के पैसा ‘उच्च प्राधान्य’ विषयांवर खर्चायचा असं होतं. २०२४ च्या सुधारित सूचनांनी तो ७० टक्के केला. मूळ उच्च प्राधान्यात पिण्याचं पाणी आहे, पर्यावरण रक्षण आणि प्रदूषण नियंत्रण आहे. सिंचन आणि पाणलोट विकास मात्र ‘इतर’ मध्ये. आता एकच नाला घ्या. त्याचं खोलीकरण ‘पाणलोटाचं काम’ म्हणून मागितलंत तर तुम्ही लहान खिशात हात घातला, जिथे रस्ते आणि पूल आधीच रांगेत आहेत. तेच काम गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा स्रोत टिकवण्यासाठी आहे हे आकड्यांनिशी दाखवता आलं, तर निदान मोठ्या खिशाकडे बोट दाखवता येतं. ही लबाडी नाही. खरंच पिण्याची विहीर नाल्याकाठी असेल तर ते लिहायलाच हवं. पण अर्जात काय लिहायचं हे गावाला कोण सांगणार? शिवाय खाणीपासूनचं अंतर बघतात: सुधारित सूचनांत १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित आणि २५ पर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित धरलाय. वणी, मारेगाव, झरीकडच्या मित्रांनो, नकाशा काढा आणि आपलं गाव कुठे पडतं ते मोजा. मामाचं गाव बाहेर पडलं. मी दोनदा मोजलं.

राहिला सीएसआर. गावात हा शब्द आता ‘लॉटरी’ सारखा वापरतात. ‘‘एखाद्या कंपनीचा सीएसआर आण ना.’’ कायदा असा की ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एकही असेल तर कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. पर्यावरण, माती आणि पाण्याचं जतन हे त्या यादीत स्पष्ट आहे. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असंही कायद्यात आहे. यवतमाळची पंचाईत इथेच आहे. ‘स्थानिक’ म्हणजे कंपनी जिथे काम करते तिथलं. जिथे कारखाने कमी तिथे स्थानिक सीएसआरही कमी, आणि जिथे गरज जास्त तिथेच बहुधा कारखाने कमी.

आणि कागद. कंपनीबाहेरच्या नोंदणीकृत संस्थेला हे पैसे घ्यायचे तर १२ए आणि ८०जी हवं, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी हवी. मामाच्या तरुण मंडळाची नोंदणी गेल्या गणपतीतली. म्हणजे थेट मागणं बाद. रस्ता एकच, आधीपासून काम करणाऱ्या संस्थेचा हात धरायचा. मधल्या काळात एक गृहस्थ भेटले, म्हणाले, १० टक्के आगाऊ द्या, कंपनीची सही मी आणतो. मंडळातल्या पोरांचे डोळे चमकले होते. मामाने चहा पाजून परत पाठवलं. असे लोक प्रत्येक तालुक्यात फिरतात, पैसे देऊ नका एवढंच सांगते.

अशा संस्थांची परंपरा आपल्याकडे आहे. ‘दिलासा’ ने आपल्याच जिल्ह्यात नाल्यांच्या पात्रात डोह खोदून पाणी अडवण्याची कामं केली. पंतप्रधानांचं २००६ चं ३,७५० कोटींचं पॅकेज सहा जिल्ह्यांसाठी आलं तेव्हा नाबार्डमार्फत पाणलोटाची कामं झाली. नंतर आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, राज्य सरकार आणि सर रतन टाटा ट्रस्ट यांचा ‘केम’ प्रकल्प आला. पैसा या जिल्ह्यात येतो, अधूनमधून खूप येतो. पण प्रकल्प संपला की दुरुस्तीला कोणी नसतं. बंधाऱ्याच्या उद्घाटनाचा फोटो निघतो, फुटलेल्या बंधाऱ्याला कोणी निधी देत नाही. जलयुक्त शिवारवर राज्यभर ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असं ‘कॅग’ ने २०२० मध्ये म्हटलं. राजकारणात त्यावर बरंच भांडण झालं. मला त्यातून एवढंच दिसलं की खर्च मोजलेला होता, पाणी नीट मोजलेलं नव्हतं.

मोजण्याची गोष्ट मला स्वतःलाही चटका देऊन शिकवली गेली. एका कंपनीसाठी आम्ही अर्ज लिहिला. मी लिहिला, खरं तर. मास कॉमच्या सगळ्या पुण्याईने. ‘भीषण पाणीटंचाई’, ‘माउलींची वणवण’, सगळं होतं त्यात. पलीकडून तीन ओळींचं उत्तर आलं: किती विहिरी, त्यांची पातळी कोणत्या महिन्यात किती, तलाव कोणाच्या मालकीचा, गट नंबर काय? एकाचंही उत्तर आमच्याकडे नव्हतं. राग आला, मग लाज वाटली.

म्हणून मे महिन्यातले दोन दिवस मी, मामा आणि मंडळातली चार पोरं दोरीला दगड बांधून विहिरी मोजत फिरलो. एकूण अकरा विहिरी. सात कोरड्या, चारांत पाणी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी घेते, पण आमच्या गावात तशी विहीर नाही. तेव्हा आमची वही हीच नोंद. आजीने विचारलं, ‘‘विहिरीत काय शोधून राह्यले?’’ मामा म्हणाला, ‘‘अर्ज.’’

वर्ध्यातल्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा आठवतं का? २०१७ च्या वॉटर कपमध्ये त्या छोट्या आदिवासी गावाने पहिला नंबर आणि ५० लाखांचं बक्षीस मिळवलं. आपण बक्षीस लक्षात ठेवतो. पण ४५ दिवस उन्हात खोदकाम आधी झालं, पैसा नंतर आला. नाबार्डच्या पाणलोट कार्यक्रमातही गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं असतं. देणाऱ्याला बघायचं असतं की आपण येण्याआधी इथे काय झालंय. आता हे न्याय्य आहे का, असं मला अजून वाटतं. मजुरीवर जगणाऱ्याचा एक दिवस फुकट मागणं आणि पुण्यातल्या सोसायटीला मात्र टँकर मागवायला आधी घाम दाखवायला न सांगणं, यात काहीतरी खटकतं. पण सध्या नियम असा आहे, आणि अर्ज आत्ता करायचा आहे.

तलाव कोणाचा, हा प्रश्न शेवटी पंचायत समितीत सुटला. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामं जिल्हा परिषदेकडे असतात, त्याच्या वर सहाशेपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे. आमचा निघाला जिल्हा परिषदेचा. म्हणजे ना हरकत पत्र तिथून, अंदाजपत्रक तिथल्या अभियंत्याकडून, त्याआधी ग्रामसभेचा ठराव. ठराव झालाय, सत्तावीस सह्या आहेत, त्यातल्या नऊ बायकांच्या. एका जुन्या संस्थेने सोबत यायला हो म्हटलंय, पण विहिरींची पावसाळ्यानंतरचीही नोंद हवी अशी त्यांची अट आहे.

पाऊस सुरू झाला की गाळ निघणार नाही, म्हणजे यंदाचा उन्हाळा गेला. मामाने दोरी खुंटीला टांगून ठेवलीय, ऑक्टोबरमध्ये परत लागणार म्हणून.