कामगाराचा शब्द आणि कारखान्याचा निर्णय

१७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर-अमरावती मार्गावर बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार ठार झाले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. १३ जून २०२४ रोजी नागपूरजवळच धामणा येथील कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. २४ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण प्राणास मुकले. या स्फोटांस कोण जबाबदार हे चौकशीने ठरवावे. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला जो धोका दिसतो, तो निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्या कारखान्यांतून आहे काय? आणि पोहोचलाच, तर त्या शब्दाला वजन किती?

कायद्यात ही वाट आहे. भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती असलीच पाहिजे, असे कलम ४१-जी ने सांगितले. त्यापुढच्या कलमाने कामगाराला जिवावरच्या धोक्याची सूचना व्यवस्थापनास आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकास देण्याचा हक्क दिला. व्यवस्थापनास ती भीती पटली नाही, तर अंतिम निर्णय निरीक्षकाचा. म्हणजे कामगाराचे म्हणणे फेटाळण्याचा अधिकार एकट्या मालकाकडे ठेवलेला नव्हता. या तरतुदीचे मोल येथेच आहे.

इतर समित्यांचा इतिहास मात्र निराशाजनक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने शंभर व त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कार्यसमित्यांची तरतूद केली; पण त्यांचे काम सलोखा राखण्याचे. नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच केले की, सेवाशर्तींतील महत्त्वाचे बदल ठरविणे हे या समित्यांचे काम नव्हे. व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३-क या अनुच्छेदात आला. मार्गदर्शक तत्त्व झाले, हक्क झाला नाही. १९९० साली संसदेत मांडलेल्या विधेयकाचाही कायदा होऊ शकला नाही. परिणामी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर उपाहारगृह आणि पिण्याचे पाणी येते. उत्पादनाची गती, पाळ्यांची लांबी आणि माणसांची संख्या मात्र दुसऱ्याच दालनात ठरते.

नागपूरकरांना याची खंत अधिक वाटली पाहिजे. १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचे मुख्य ठिकाण दशकानुदशके हेच शहर राहिले. शिक्षणाधिकाऱ्यांनी कामगार-शिक्षक तयार करायचे आणि त्यांनी आपापल्या कारखान्यात सहकाऱ्यांचे वर्ग घ्यायचे, अशी त्याची रचना. ज्या शहरातून देशभरच्या कामगारांना बोलायला शिकविले गेले, त्याच्या वेशीवर आज कामगाराने बोलावे की नाही असा प्रश्न पडावा, ही गोष्ट साधी नव्हे.

त्याचे कारण शिक्षणाचा अभाव एवढेच नाही. कंत्राटी कामगाराला समितीत प्रतिनिधी कोठून मिळणार? त्याची नोकरी ठेकेदाराच्या हातात, काम मुख्य मालकाच्या आवारात आणि तक्रार कोणाकडे, हे कोणीच सांगत नाही. आज धोक्याची सूचना दिली तर उद्या फाटकावर आपले नाव पुकारले जाईल की नाही, ही भीती त्याच्या जिभेवर बसलेली असते. अशा माणसाला 'आमचे दार सदैव उघडे आहे' असे सांगणे ही थट्टा आहे. संवादासाठी आधी अभय लागते.

यात भर पडली नव्या संहितेची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत धोक्याची सूचना देण्याचा हक्क कायम आहे. पण सुरक्षा समिती नेमणे आता सरकारने काढावयाच्या आदेशावर अवलंबून आहे. जे कायद्याने बंधनकारक होते, ते सरकारच्या मर्जीवर आले. म्हणून पहिली मागणी अशी की, स्फोटके व रसायने हाताळणारा एकही कारखाना, मग तेथील कामगारसंख्या कितीही असो, या आदेशातून सुटता कामा नये. दुसरी, समितीवरील कामगार प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जावेत आणि त्या मतदानात कंत्राटी कामगार व स्त्रिया यांना समान हक्क असावा. तिसरी, कामगारांनी दिलेली प्रत्येक सूचना व तिच्यावरील निर्णय तारखेसह मराठीत लिहून कारखान्याच्या फलकावर लावला जावा. सूचना देणाऱ्यास कामावरून कमी करणे हा दंडनीय गुन्हा ठरावा, ही चौथी.

मालकांना हे सांगताना आपल्या संघटनांकडेही पाहावे लागेल. किती कामगार संघटनांत करारावर सही होण्यापूर्वी त्याचा मसुदा सभासदांपुढे वाचला जातो? पुढारी बोलतो, सभा टाळ्या वाजवते आणि ठराव एकमताने संमत होतो, ही रीत कारखान्यातील हुकूमशाहीहून फार निराळी नाही. बुटीबोरी व हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाळी सुटल्यावर कामगारांच्या वस्तीत बसावे, स्त्री कामगारांचे आधी ऐकावे आणि हक्काचे कलम त्यांच्या भाषेत समजावून द्यावे. सूचना लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि एक प्रत निरीक्षकाकडे पाठवावी, एवढी सवय जरी रुजली तरी पुष्कळ काम होईल.

पाच वर्षांतून एकदा मत देणारा नागरिक कारखान्याच्या फाटकाआत पाऊल टाकताच मुका होत असेल, तर ती लोकशाही फाटकाबाहेरच थांबली असे म्हणावे लागेल. तिला आत नेणे हे समाजवाद्यांचे काम आहे, आणि स्फोटकांच्या कारखान्यांत ते एक दिवसही पुढे ढकलता येण्यासारखे नाही.