गाडीतला कुबट वास: अत्तर नको, पाणी शोधा

पावसाळा उतरणीला लागला की आमच्याकडे एकच तक्रार अनेक घरांतून येते. गाडीचे दार उघडले की कुबट वास येतो, एसी लावला की शिंका सुरू होतात, सीटच्या मागे पांढरट-हिरवट बुरा दिसतो. त्यावर बहुतेकांनी केलेला उपायही एकच असतो, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. आमचे स्पष्ट मत आहे की ती बाटली आधी काढावी. वास येतो तोवर कुठेतरी पाणी साचले आहे एवढे तरी कळते. तो झाकला की तेही कळत नाही, आणि बुरशी आपली वाढतच राहते.

आम्ही हे शहाणपण स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या घरातली पहिली गाडी जुनीच घेतलेली. ती उघड्यावर उभी राहते, कारण आमच्याकडे छप्पर नाही. मोठ्या मुलीला दमा आहे. गावी निघालो की पनवेल येईपर्यंत तिची छाती वाजायला लागायची. आम्ही महामार्गाच्या धुळीला दोष दिला, काचा आणखी घट्ट लावल्या, एसी वाढवला. मग एकदा लक्षात आले की त्याच धुळीतून मोटारसायकलवर मागे बसून गेली तर तिला काही होत नाही. त्या दिवशी प्रथमच आम्ही पायाखालची मॅट उचलली. वरचे कार्पेट हाताला कोरडे लागले. जोरात दाबले तेव्हा खालच्या फोममधून स्पंजसारखे पाणी आले.

त्याआधी एका वॉशिंग सेंटरवर 'फंगस ट्रीटमेंट'चे पैसे देऊन झाले होते. फवारा मारला, एक यंत्र तासभर बंद गाडीत लावले, सुगंध दरवळला. दहाव्या दिवशी वास परत. मॅट कोणी उचललीच नव्हती. तसले यंत्र बहुधा ओझोनचे असते. ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रासदायक वायू आहे आणि ओल्या फोमपुढे त्याचे काही चालत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

बुरशीला लागते तरी काय? ओल, थोडे खाद्य आणि थोडा वेळ. खाद्य म्हणजे धूळ, घाम, बिस्किटाचा चुरा, सांडलेले दूध, सीटचे कापड. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणून 'काचा जरा खाली ठेवल्या होत्या, वाळेल' हा आपला भरवसा त्या दिवसांत फोल ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलीच्या जागी राहणाऱ्यांत दमा, खोकला, छातीत घरघर यांचे प्रमाण जास्त आढळते, असे त्यात म्हटले आहे. ती घरांसाठी आहे, पण बंद काचांची गाडी म्हणजे पाच माणसांची एक लहान खोलीच.

येथे एक भीती दूर केली पाहिजे. 2021 मध्ये कोरोनानंतर 'काळी बुरशी' या नावाने म्युकरमायकोसिसचा आजार घरोघरी माहीत झाला. गाडीत काळा डाग दिसला म्हणजे तोच आजार आला, असे नव्हे. बुरशीचा रंग पाहून तिची जात ठरत नाही, आणि म्युकर मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना, स्टेरॉइड घेणाऱ्यांना किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठतो. मात्र अशा व्यक्तींनी आणि दम्याच्या रुग्णांनी बुरशीची गाडी स्वतः साफ करायला बसू नये. गाडीत बसल्यावर खोकला येतो आणि उतरल्यावर थांबतो, असे होत असेल तर डॉक्टरांना नेमके तेच सांगावे. नुसते 'खोकला आहे' म्हटले तर त्यांना कारण कसे कळणार?

आता पाणी शोधण्याबद्दल. ओल चालकाच्या शेजारच्या सीटच्या पायाशी असेल आणि पाऊस नसतानाही येत असेल, तर एसीचा निचरा तुंबला असण्याची शक्यता मोठी. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते ना, तेच ते. दमट दिवशी अर्धा तास एसी लावूनही खाली थेंब पडत नसेल तर ते पाणी आत उतरते आहे असे समजावे. आमच्या गाडीत हेच झाले होते. मेकॅनिकने दहा मिनिटांत नळी मोकळी केली, वाळवायला मात्र आम्हाला पाच दिवस लागले.

ओल फक्त पावसानंतर येत असेल तर वायपरखालची जाळी पाहावी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाने कुजून निचऱ्याची वाट बंद होते. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात, ती चिखलाने बुजली की दार हलवताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहावा, मागच्या दिव्याचे रबर गेले की पाणी तिथे जमते. आणि ओल चिकट, वास गोडसर, काचेवर तेलकट धुके असेल, तर ते पावसाचे पाणीच नाही. हीटरमधून कूलंट गळते आहे, गाडी लगेच गॅरेजला न्यावी. एवढे करूनही सापडले नाही तर एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून एकेका भागावर तांब्याने सावकाश पाणी ओतावे. आमच्याकडे मुलांनाही हे काम फार आवडले.

गळती बंद झाल्यावरच साफसफाईला अर्थ आहे. गाडी उघड्यावर घ्यावी, चारही दारे उघडावीत, एन-95 मास्क, हातमोजे, जमल्यास चष्मा घालावा. कोरडा ब्रश मारू नये, त्याने बुरशीचे बीजकण हवेत उडतात. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि फडके टाकून द्यावे. कडक प्लॅस्टिकवर पांढरे व्हिनेगर चालते. ब्लीच नको, कापडाचा रंग जातो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि गाडीच्या आत तो जीवावर बेतू शकतो. सीटबेल्ट सौम्य साबणानेच पुसावा, पूर्ण बाहेर ओढून वाळू द्यावा आणि मगच आत सोडावा. त्या पट्ट्यावर आपला जीव टांगलेला असतो.

वाळवण्यासाठी कार्पेट उचलून खाली लाकडाचे तुकडे सरकवावेत आणि टेबलफॅन लावावा. सीट काढायची वेळ आली तर मेकॅनिकलाच बोलवावे, सीटखाली पिवळ्या रंगाची वायर असते, ती एअरबॅगशी संबंधित असते. बाहेर पाऊस असेल तर काचा लावून एसी चालवल्याने आतली हवा कोरडी होते, पण हे मोकळ्या जागेतच करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावतो. रात्री एसी लावून गाडीत झोपणाऱ्या चालक बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे. काही जण रद्दी अंथरतात. रद्दी पाणी ओढते हे खरे, पण ती रोज बदलावी लागते, नाहीतर ओला कागद हे बुरशीचे आवडते खाद्य. आठवडाभर भिजून बुरशी धरलेला फोम फेकून द्यावा. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, म्हणून 'औषध मारले आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

आता जे आम्हाला खटकते ते बोलतो. हे सगळे काम आपण पैसे देऊन वॉशिंग सेंटरवरच्या मुलाकडे सोपवतो. तो उघड्या तोंडाने, बंद गाडीत वाकून तीच बुरशी खरवडतो, दिवसातून दहा गाड्यांची. घाण आपली आणि श्वास त्याचा, ही वाटणी आपल्या घरांत तरी चालू नये. ती कोणाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या आली, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. गाडी देताना 'आत बुरशी आहे' असे आधी सांगावे, मास्क आणि हातमोजे नसतील तर आपण न्यावेत. मालकाने तोंड वाकडे केले तर दुसरीकडे जावे. थोडके पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. जुलै 2021 मध्ये महाड आणि चिपळूण बुडाले. अशा पाण्यात गटार मिसळलेले असते. पायाला जखम असताना ती गाडी साफ करायला उतरू नये, गमबूट घालावेत, नंतर ताप आला तर पुराच्या पाण्याशी संबंध आल्याचे डॉक्टरांना सांगावे. गाडी चालू करून पाहू नये, आधी विमा कंपनीला कळवावे. यातल्या काही गाड्या पुढे धुऊनपुसून स्वस्तात विकायला येतात, आणि आपल्यापैकी अनेकांची पहिली गाडी जुनीच असते. म्हणून घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. बुडालेल्या गाडीत पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, स्टेपनीखाली बारीक माती, दिव्याच्या आत वाफ आणि वर नव्या अत्तराचा घमघमाट, एवढे एकत्र दिसले तर परत फिरावे.

आमच्या गाडीचे म्हणाल तर पुढचा फोम बदलला, एसीचा केबिन फिल्टर बदलला. घर पाच मिनिटांवर आले की आम्ही एसी बंद करून पंखा चालू ठेवतो, म्हणजे आतली कॉइल वाळते. ओली छत्री बादलीत उभी करतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरचा लांबचा पल्ला असतो, तेव्हा निघण्याआधी एक दिवस मॅट उचलून हात दाबून पाहतो. मुलगी गेल्या खेपेला पूर्ण वाटभर झोपली. तिचे इन्हेलर मात्र गाडीच्या कप्प्यात ठेवत नाही, उन्हात बंद गाडी तापली की ते खराब होते. ते तिच्या आईच्या पर्समध्ये असते.