कमरेचा पट्टा

आमच्या चिरंजिवांचा हिशेब सरळ आहे. ज्याच्या कमरेला जगज्जेतेपदाचे पट्टे अधिक, तो मुष्टियोद्धा थोर. परवा मी विचारले, "मग सॅम लँगफर्डचे काय करायचे रे?"

नावच ठाऊक नव्हते! कॅनडातला हा बुटका कृष्णवर्णीय गडी स्वतःहून धिप्पाड माणसांना लोळवीत असे. १९०३ साली त्याने जगज्जेत्या जो गॅन्सला हरविले. पण ती लढत पदासाठी धरली गेली नाही. १९०६ साली वजनाने बराच भारी असलेल्या जॅक जॉन्सनने त्याला गुणांवर हरविले, हेही मान्य. मात्र १९०८ साली जॉन्सन जगज्जेता झाला, आणि १९१५ साली पद जाईपर्यंत त्याने लँगफर्डला पुन्हा समोर उभे केले नाही. टाळलेल्या माणसाचे नाव पट्ट्यावर कुठे असते? १९४४ साली एका वार्ताहराला लँगफर्ड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सापडला, तो आंधळा आणि कफल्लक.

आता तर एकेका वजनगटाला चार संघटनांचे चार जगज्जेते असू शकतात. (आमच्या कॉलेजातही बक्षिसे वाढलीच आहेत म्हणा.)

"पण बाबा, पट्ट्यासाठी कुणाला तरी हरवावे लागतेच ना?"

लागते. तेवढे मी कबूल केले.