न्यायालय ‘भेद’ पाहते, ‘भाव’ नव्हे

‘भेदभाव’ या शब्दात दोन शब्द दडलेले आहेत आणि गोंधळ होतो तो दुसऱ्यापायी. ‘भाव’ म्हटला की मन आले, हेतू आला. सियागंजातील एखाद्या घाऊक पेढीवर मसाला निवडणाऱ्या बाईला त्याच कामावरील पुरुषाहून कमी रोजी मिळते, असे म्हणून पाहा. शेठजी दुखावतील, ‘आम्ही कधी भेदभाव मानला नाही’ असे सांगतील, आणि कदाचित ते खरेही असेल. पण समान वेतनाच्या खटल्यात त्यांच्या अंतःकरणाची झडती होत नाही. दोन कामे आणि दोन मोबदले शेजारी ठेवून पाहिले जातात. (इंदूरकराची अडचण अशी की, हिंदीतही हाच शब्द आहे.)

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा निर्णय या दृष्टीने वाचावा. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या ‘गोपनीय’ लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. कंपनी म्हणाली, हा वर्गच वेगळा आहे. कामगार संघटनेशी करार झाला आहे. शिवाय आर्थिक स्थिती बेताची आहे. न्यायालयाने यातले काहीच मानले नाही. त्या जागी केवळ स्त्रियाच असतील, तर व्यवस्थापनाने तशी नेमणूक केली म्हणून. पदाचे नाव निराळे ठेवल्याने काम निराळे होत नाही. आणि समान वेतनाचा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही.

येथे वाचकाची एक नेहमीची फसगत सांगितली पाहिजे. निकालपत्रात पक्षकारांचे युक्तिवादही विस्ताराने उतरवलेले असतात. ‘असे प्रतिपादन करण्यात आले’ या शब्दांनी संपणारे वाक्य वकिलाचे असते, न्यायाधीशाचे नव्हे. तेच वाक्य ‘कोर्टाने म्हटले’ म्हणून फिरवणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसरा दोष आपल्या ‘निकाल’ या शब्दाचा. निकाल म्हणजे कोण जिंकले. आपल्या उपयोगाचे असते ते मात्र का जिंकले.

ते कारण ओळखले नाही तर उलट टोकाची चूक होते. गोणी वाहणारा पल्लेदार आणि मिरची निवडणारी बाई यांना हा निर्णय आपोआप एका पंक्तीला बसवत नाही. 1976 च्या समान वेतन कायद्याची कसोटी होती कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती यांची. कामात थोडा फरक असला, पण व्यवहारात त्याला महत्त्व नसले, तर तो दुर्लक्षायचा. आता त्या कायद्याची जागा वेतन संहिता, 2019 ने घेतली असली, तरी कसोटी जवळजवळ तीच आहे.

2021 मध्ये सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. नियम दिसायला सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार एकाच गटावर पडत असेल, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. म्हणून मराठी अनुवादकांना माझी सूचना आहे की, अशा निर्णयांत ‘भेदभाव’ऐवजी ‘असमान वागणूक’ हे शब्द योजून पाहावेत. शेठजींना ‘मी वाईट माणूस आहे का?’ असे विचारायची गरज उरणार नाही, आणि त्या बाईच्या रोजीबद्दल सरळ बोलता येईल.