'आज स्वयंपाक नाही, नुसती बेक्ड मॅकरोनी!'

दोघंही नोकरी करणाऱ्या शहरी मध्यमवर्गीय घरांतून हे वाक्य सर्रास ऐकू येतं. रविवारची संध्याकाळ असते, मुलाचा वाढदिवस असतो किंवा नवऱ्याचे मित्र जेवायला यायचे असतात, आणि बाई उत्साहानं सांगते की आज स्वयंपाक नाही, नुसती बेक्ड मॅकरोनी करणार आहे. त्यातल्या 'नुसती' या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. ज्या कामाला करणारीच 'नुसतं' म्हणते, ते दुसऱ्या कुणाच्या हिशेबात कसं धरलं जाणार?

चळवळीच्या अंकात मॅकरोनीची चर्चा कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण घरकामाबद्दल आपण बोलतो तेव्हा धुणं, भांडी, पाणी भरणं, भाकऱ्या थापणं हेच डोळ्यांसमोर असतं. 'हौसेचा' स्वयंपाक मात्र आपण श्रमातून वगळतो, तो जणू बाईच्या स्वभावाचाच भाग असतो.

तर आधी हौस म्हणजे किती काम ते पाहू. चार-पाच माणसांसाठी दोनशे ग्रॅम मॅकरोनी, अर्धा किलो भाज्या, अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा आणि शंभर-दीडशे ग्रॅम चीज. भाज्या म्हणजे फरसबी, गाजर, मटार, फ्लॉवर, सिमला मिरची. फरसबीच्या शिरा काढायच्या, मटार सोलायचे, फ्लॉवरचे तुरे अळ्यांसाठी मिठाच्या पाण्यात बुडवायचे, गाजरं बारीक चौकोनी चिरायची. मॅकरोनी मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवायची, पण जरा कमीच, कारण उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये व्हायचं असतं. भाज्या वेगळ्या वाफवायच्या. मग पांढरा सॉस. मंद आचेवर लोण्यात मैदा परतायचा. कच्चा वास जायला हवा, पण रंग बदलता कामा नये. त्यात दूध थोडं थोडं ओतत सारखं ढवळत राहायचं. या दहा मिनिटांत दाराची बेल वाजो की मूल रडो, हात काढला की गुठळ्या झाल्याच. सॉस कढीइतका पातळ हवा, मॅकरोनी तो पिऊन टाकते. मीठ, मिरपूड, असली तर चिमूटभर मोहरीची पूड. मग सगळं कालवून लोणी लावलेल्या काचेच्या भांड्यात ओतायचं, वरून चीज किसायचं आणि १८० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं, वरचा थर तांबूस होईपर्यंत भाजायचं.

मी घड्याळ लावून पाहिलं आहे. बाजारहाट सोडून ओव्हनच्या आधी सव्वा तास जातो. नंतर भांडी आहेतच: मॅकरोनीचं पातेलं, भाज्यांचं पातेलं, सॉसची कढई, चाळणी, किसणी, आणि कडेला चीज जळून बसलेलं काचेचं भांडं.

अमेरिकेत या जातीच्या पदार्थांना कॅसरोल म्हणतात. (आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. त्याच्याकडे पुढे येतेच.) तिथे क्राफ्ट कंपनीनं १९३७ साली मॅकरोनी आणि चीज पावडरीचं खोकं बाजारात आणलं. १९५५ साली कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीत डॉर्कस रायली यांनी डब्यातलं मशरूम सूप आणि फरसबी यांचा एक कॅसरोल बसवला. तो आजही तिथे थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी होतो. बाईचा वेळ वाचेल, हे आश्वासन अशा सगळ्या मालाबरोबर होतं. तो वाचला का? रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात याचा शोध घेतला. यंत्रांनी आणि तयार मालानं कष्टाची धार कमी केली, पण वाचली ती मुख्यतः पुरुषांची आणि मुलांची कामं, असं त्या दाखवतात. चुलीऐवजी शेगडी आली तेव्हा लाकडं फोडण्याचं पुरुषाचं काम गेलं, रांधण्याचं बाईचं काम राहिलं. शिवाय अपेक्षा वाढल्या. एका भांड्यात भागत होतं तिथे रोज नवीन काहीतरी हवं झालं.

आपल्याकडे तर हा पदार्थ आला तो कशाच्या जागी आलाच नाही, तो वर येऊन बसला. मॅकरोनी मुलांसाठी, पण सासऱ्यांना पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून चार पोळ्या. पोळ्या आहेत तर थोडी भाजी, सासूबाईंसाठी वरणभात. 'आज स्वयंपाक नाही' म्हणणारीच रात्री साडेआठला पोळपाट घेऊन उभी असते.

आणि इथेच या पदार्थाचा खरा गुण वाया जातो. तो गुण चवीचा नाही. बेक्ड डिश टेबलावर एकदाच येते आणि सगळ्यांना एकदम वाढली जाते. तिला तव्यावरून ताटात यायचं नसतं. आपल्या घरांतल्या गरम पोळीच्या आग्रहानं किती बायकांना शेवटी, गार आणि उरलेलं खायला लावलं आहे, हे आपल्या शिबिरांतून पुन्हा पुन्हा निघतं. पोळ्यांचा डबा घरोघरी आला, तरी 'डब्यातली नको, तव्यावरची दे' हे गेलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी सत्तावन्न जणींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत आणि मॅकरोनी हा त्यावर उपाय नव्हे, मैदा आणि चीज तर नाहीच. पण जेवायला शेवटी बसण्याची चाल मोडायची असेल, तर सगळ्यांनी एकदम बसण्याचं निमित्त देणारा कुठलाही पदार्थ मला चालेल.

आता पुरुषांकडे वळू. 'आमच्याकडे रविवारी हेच करतात' असं कौतुकानं सांगणाऱ्या मैत्रिणी मला भेटतात, आणि 'हे' जे करतात ते बहुधा याच जातीचं असतं. त्यात दिसण्यासारखं पुष्कळ आहे, बुडबुडे येणारं चीज आहे, फोटो आहे, टाळ्या आहेत. मंगळवारी सकाळी सहाला डब्यासाठी केलेल्या भेंडीच्या भाजीला टाळ्या नसतात. शिवाय रविवारच्या या कर्तबगारीआधी भाज्या निवडून, चिरून, चीज आणून ठेवलेलं असतं आणि नंतर ओटा कुणीतरी पुसतं.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे यासाठी बोलके आहेत. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांना २०१९ साली त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं लागत, पुरुषांना ९७. २०२४ साली बायकांची २८९ झाली, पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांची नऊ, आणि पाच वर्षांत अंतर तुटलं ते एका मिनिटानं! तेही सरासरी फक्त कामाला हात लावणाऱ्यांची. २०१९च्या पाहणीत असे पुरुष शंभरात सव्वीस होते आणि बायका एक्क्याऐंशी.

ते काचेचं भांडं बहुतेक घरांत रात्री सिंकमध्ये भिजत पडतं आणि सकाळी घरकामाला येणाऱ्या बाईच्या हाती लागतं. पुण्यात घरकामगार बायांनी १९८० साली संप केला, महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही. या लढ्यात आपल्यापैकी कितीतरी जणी आहेत. तरीही नवऱ्याशी वाटणीचं भांडण करायचं आणि वाटणीत आलेलं जळकं भांडं तिसऱ्याच बाईकडे सरकवायचं, हे आपल्याही घरांत होतं. त्याला समान वाटणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी काम करते त्या वस्तीत आम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा एक गट चालवतो. लिंगभावावर व्याख्यानं देऊन मुलं जांभया देतात, म्हणून एका शनिवारी हाच पदार्थ करायला घेतला. त्यांना तो टीव्हीवरून ठाऊक होता, त्यात 'बायकी' काही वाटत नव्हतं. ओव्हन नव्हता. जाड कढईत मिठाचा थर पसरला, त्यावर तिवई, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवली आणि आत ॲल्युमिनियमचं भांडं ठेवलं. मंद आचेवर अर्ध्या तासात चीज छान वितळतं, फक्त तांबूस होत नाही. अट एकच होती: सामानाची यादी करण्यापासून केंद्राची फरशी पुसण्यापर्यंत सगळं त्यांनीच करायचं आणि प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहायची.

चिरणं, ढवळणं मजेत पार पडलं. खाऊन झाल्यावर मुलं पांगायला लागली. भांडी दाखवली, तर एक जण म्हणाला, "राहू दे की ताई, सोमवारी मावशी येतील ना." केंद्राची साफसफाई करणाऱ्या त्या मावशींचा मुलगा त्याच गटात होता. तो काहीच बोलला नाही, उठून नळाशी गेला. मग बाकीचेही उठले. तक्त्यावर 'भांडी, ओटा, फरशी' यापुढे एक्केचाळीस मिनिटं लागली आहेत. जवळजवळ तेवढीच 'चिरणं' या कामापुढे आहेत, आणि 'खाणं' यापुढे नऊ.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी हा पदार्थ जरूर करावा, पण तीच अट घरातही घालून पाहावी. जो करील त्यानं चीज आणण्यापासून भांडं घासण्यापर्यंत सगळं करायचं, आणि त्या रात्री घरात पोळपाट काढायचा नाही. वडीलधाऱ्यांना चावत नसेल तर मॅकरोनी जरा जास्त शिजवावी, सॉस सैल ठेवावा, मिरपुडीऐवजी आलं-मिरची वाटून घालावी. आमच्या घरी सासूबाईंना ती तशीच आवडते. आणि भांडं रिकामं झाल्याबरोबर पाणी आणि थोडा खायचा सोडा घालून ठेवावा, म्हणजे आवराआवर होईपर्यंत चीज सुटतं आणि ते सकाळपर्यंत कुणाची वाट पाहत सिंकमध्ये पडून राहत नाही.