पंधरा आणि पन्नाशीच्या मध्ये अडकलेली जीप

विशेष प्रतिनिधी

मोटारींचे आयुष्य कागदावर निश्चित करण्याच्या प्रक्रियेला २०२१पासून देशात वेग आला. १५ वर्षे झाली की फेरनोंदणी, तपासणीत नापास झाली की भंगार आणि ५० वर्षे ओलांडली की 'व्हिंटेज' म्हणून मानसन्मान, असा वाहनाचा प्रवास सरकारने आखून दिला आहे. मात्र पहिला आणि शेवटचा टप्पा यांच्यामध्ये तब्बल ३५ वर्षांचे अंतर आहे. जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप किंवा लष्करातून बाद झालेला ट्रक घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने पुन्हा उभा करणारे हौशी नेमके याच अंतरात सापडले आहेत. त्यांची संख्या फार मोठी नाही आणि त्यांचा राजकीय आवाज तर नाहीच. तरीही त्यांच्यामुळे पुढे आलेला प्रश्न व्यापक आहे. टाकून देण्यासाठी धोरण आखणाऱ्या व्यवस्थेत दुरुस्तीला काही स्थान आहे की नाही, हा तो प्रश्न.

लष्कराच्या आवारातून घराच्या अंगणात

या हौसेची मुळे लष्करी लिलावांत आहेत. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेल्यांपैकी अनेक गाड्या लिलावातून खासगी मालकांकडे गेल्या. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीप जोडण्यास सुरुवात केली आणि ही गाडी भारतीय झाली. 'सीजे ३बी' हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले. भारतात मात्र तो सांगाडा बदलत्या इंजिनांसह पुढे कित्येक वर्षे धावत राहिला. १९८०च्या दशकात आलेली, प्यूजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची 'एमएम ५४०' ही त्याच घराण्यातील.

दुसरे घराणे जबलपूरचे. तेथील वाहन कारखान्यात निसान पेट्रोल या जपानी गाडीच्या आराखड्यावर 'जोंगा' तयार होत असे. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने १९५९पासून तयार होऊ लागलेला 'शक्तिमान' ट्रकही जबलपूरचाच. जोंगाचे सहा सिलिंडरचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे कधीच नव्हते. त्यामुळे बाद झालेल्या अनेक जोंगा भंगारात गेल्या आणि उरल्या त्यांचे मोल वाढले. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने लष्करातून निवृत्त झालेली जोंगा घेतल्याची बातमी आली, तेव्हा हे नाव नव्या पिढीच्या कानावर पडले. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रची 'थार' बाजारात आली होती. नव्या थारच्या चाहत्यांपैकी काहींना तिच्या पूर्वजांचा शोध घ्यावासा वाटला आणि गावाकडे गोठ्याशेजारी पडून असलेल्या जीपना अचानक गिऱ्हाईक मिळू लागले.

गॅरेजमध्ये नेमके काय घडते?

जुनी जीप घरच्या घरी दुरुस्त होऊ शकते, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. आजच्या बहुतेक मोटारींची बॉडी आणि सांगाडा एकजीव असतो. जीपची बॉडी मात्र शिडीसारख्या चॅसीवर बोल्टने बसविलेली असते. बोल्ट सोडले, चार माणसांनी हात लावला, की बॉडी बाजूला ठेवता येते. इलेक्ट्रॉनिक्स नावालाही नाही. पान्ह्यांचा संच, जॅक, साखळीचा चेन ब्लॉक आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर काम सुरू करता येते.

मात्र चिकाटीची परीक्षा पहिल्या महिन्यातच होते. गाडी सोडवणे सोपे, जोडणे कठीण. म्हणून जाणकार हौशी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढतात आणि नट-बोल्ट नावानिशी डब्यांत ठेवतात. त्यानंतर चॅसीचा गंज वाळूच्या माऱ्याने काढला जातो आणि खरे चित्र समोर येते. पाटे जेथे चॅसीला जोडलेले असतात तेथील तडे आणि रंगाखाली दडलेले जुने वेल्डिंग आधी दुरुस्त करावे लागते. इंजिनाचे बोअर, क्रँक घासणे आणि बेअरिंग ही कामे लेथवाल्याकडेच जातात. विलीजच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. ही रचना ठाऊक असलेला मिस्त्री आता सहजासहजी सापडत नाही.

फोर व्हील ड्राइव्हचे मर्म ट्रान्सफर केसमध्ये असते. गिअरबॉक्समागच्या या पेटीतून पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अॅक्सलना ताकद मिळते. या जुन्या गाड्यांत दोन्ही अॅक्सलमधील वेगाचा फरक सांभाळणारी मधली यंत्रणा नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सारा ताण दात्यांवर आणि शाफ्टवर येतो. पूर्वीच्या मालकाने गाडी कशी वापरली, हे ट्रान्सफर केस उघडली की कळते. झिजलेले दाते, खिळखिळी बेअरिंग आणि तेलगळती हा बहुतेक जीपचा सामायिक वारसा आहे. शेवटी ब्रेकचे सिलिंडर आणि संपूर्ण वायरिंग नवे घालावे लागते. यात काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ.

सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठ आणि जुना बाजार किंवा मुंबईत कुर्ल्याच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. जीपच्या नव्या बॉडीसाठी आणि जुन्या भागांसाठी हरियाणातील मंडी डबवालीचे नाव देशभर घेतले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला. खरी टंचाई आहे ती जागेची. बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असलेल्या शहरांत, चाके काढून ठोकळ्यांवर ठेवलेली गाडी वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खपवून घेणारे शेजारी विरळाच.

पंधरा, वीस आणि पन्नास

एवढा खटाटोप करून गाडी उभी राहिली, की कागदांचा घाट सुरू होतो. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२पासून ते पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी दहा हजारांवर नेले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे, गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढणाऱ्यास नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. सरकारचा कल कोणत्या बाजूला आहे, हे या आकड्यांवरून वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक, २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची नोंदणी अशी ही व्यवस्था आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. वारशाची दखल कायद्याने घेतली, हे स्वागतार्हच. परंतु २०२६ मध्ये हिशेब केला तर १९७६ नंतरची कोणतीही गाडी या चौकटीत बसत नाही. एमएम ५४० बाहेर राहते आणि १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सीही. शिवाय चारचाकींपैकी केवळ प्रवासी वाहनांचाच यात समावेश आहे. शक्तिमानसारखा मालवाहू ट्रक ५० वर्षांचा असला तरी या नियमाच्या लेखी तो व्हिंटेज ठरत नाही.

लष्करी गाड्यांबाबत आणखी एक पेच आहे. वयाची मोजणी पहिल्या नोंदणीपासून होते. लष्करातील वाहनाची नोंदणी संरक्षण खात्याकडे असते आणि मुलकी क्रमांक त्याला लिलावानंतर मिळतो. १९७० मध्ये तयार झालेली, पण १९९०च्या दशकात लिलावात निघालेली जोंगा नेमकी किती वर्षांची धरायची? कारखान्याची पाटी आणि आरसी बुक यांची उत्तरे वेगळी आहेत.

'मूळ स्वरूप' म्हणजे काय?

सर्वांत अवघड अट मूळ स्वरूपाची आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल झालेली गाडी व्हिंटेज ठरत नाही. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण भारतीय जीपचा इतिहास हाच मुळी फेरबदलांचा इतिहास आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि ग्रामीण भागातील असंख्य जीपमध्ये डिझेल इंजिने बसविली गेली. गंजलेली बॉडी फेकून नवी चढविणे ही तर रीतच होती. या गाड्या तगल्या त्या अशा बदलांमुळेच.

व्हिंटेजच्या बाहेरही कायदा कठोर आहे. नोंदणीतील तपशील आणि उत्पादकाने दिलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने निषिद्ध ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ट्रॅक्टरसारखी चाके लावून शहरात मिरविणाऱ्यांना त्यामुळे चाप बसला, हे बरेच झाले. पण सुरक्षेसाठी सीट बेल्ट किंवा अधिक सक्षम ब्रेक बसवू पाहणाऱ्या हौशी मालकालाही नेमके काय चालेल, हे सांगणारी सुटसुटीत नियमावली हाती मिळत नाही. परिणामी आरटीओ कार्यालयातील अधिकाऱ्याच्या आकलनावर गाडीचे भवितव्य अवलंबून राहते.

धुराचा प्रश्न खराच आहे

या हौसेची दुसरी बाजू नाकारता येणार नाही. देशात पहिली भारत स्टेज मानके २००० मध्ये आली. त्याआधीची इंजिने आजच्या कोणत्याही मोटारीपेक्षा कितीतरी अधिक धूर ओकतात. एअरबॅग, अँटिलॉक ब्रेक यांचा प्रश्नच नाही. एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीची चॅसी असे व्यवहार रोखणे हेही यंत्रणेचे कर्तव्य आहे. त्यामुळे 'जुने ते सोने' एवढाच युक्तिवाद पुरेसा नाही.

मात्र वय आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना जुलै २०२५ मध्ये इंधनच नाकारण्याचा प्रयत्न झाला आणि लोकांच्या रोषामुळे काही दिवसांत तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते सीमित झाले. म्हणजे रोज ५० किलोमीटर धावणारी मोटार आणि महिन्यातून एकदा बाहेर पडणारी जीप यांना वयाच्या बाबतीत एकच माप लागले.

इंधनाचेही तसेच. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. कार्बोरेटरच्या जमान्यातील रबरी नळ्या, गॅस्केट आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. काही जुन्या वाहनांत रबरी भाग बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. घरच्या गॅरेजमधील कामांच्या यादीत त्यामुळे एका कामाची भर पडली.

मधला मार्ग आहे

इतर देशांनी हा तिढा सोडविला आहे. जर्मनीत ३० वर्षे झालेल्या आणि तज्ज्ञाच्या तपासणीत मूळ रूपाजवळची ठरलेल्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी मिळते. तिला ठरावीक कर लागतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश असतो. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. ऑगस्ट २०२५पासून तेथे मूळ रूप कायम ठेवून केलेल्या दुरुस्तीसाठी सरकारदरबारी कळविण्याची गरजही उरलेली नाही. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हीदेखील ३० वर्षांची मर्यादा मानते; गाडी रोजच्या वाहतुकीसाठी वापरली जाऊ नये, ही तिची अट.

भारतातही ३० वर्षांवरील गाड्यांसाठी मधला वर्ग निर्माण करता येईल. चॅसी क्रमांकाची काटेकोर पडताळणी, ब्रेक आणि स्टिअरिंगची कडक तपासणी, वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा आणि सुरक्षेसाठीच्या बदलांची जाहीर यादी एवढ्या अटी पुरेशा ठराव्यात. लष्करी वाहनांसाठी उत्पादनाचे वर्ष ग्राह्य धरणे आणि व्हिंटेज नियमाची दारे ट्रकनाही उघडणे, यासाठी तर एका दुरुस्तीचेच काम आहे. राज्यांच्या तपासणी समित्यांची तरतूद याआधीच झालेली आहे.

भंगार धोरणामागचा हेतू योग्य आहे आणि रस्त्यावरील बहुसंख्य जुन्या गाड्यांचे भले मोडीत निघण्यातच आहे. पण जे एकदा वितळले ते परत येत नाही. जबलपूरच्या कारखान्यातून आता जोंगा बाहेर पडणार नाही आणि हरिकेन इंजिनाचे व्हॉल्व्ह बसविणारे हातही फार काळ उरणार नाहीत. आज जी गाडी ३५ वर्षांची आहे, तिला पन्नाशी गाठू दिली तरच १५ वर्षांनी 'व्हीए' क्रमांक लावायला काही शिल्लक राहील.